खड्यांखालचा कोबा

सिसिली बेटाच्या मध्यभागी, पियात्सा आर्मेरिना गावाच्या बाहेर, व्हिला रोमाना देल कासाले नावाची चौथ्या शतकातली रोमन हवेली आहे. तिथल्या एका खोलीत जमिनीवर, रंगीत खड्यांच्या चित्रात म्हणजे मोझॅकमध्ये, दहा तरुण मुली आहेत. एकीच्या हातात वजनं आहेत, एक थाळी फेकते आहे, दोघी पळताहेत, काही चेंडू खेळताहेत आणि जिंकलेलीच्या डोक्यावर मुकुट आहे. अंगावर दोन तुकड्यांचा आखूड पोशाख असल्यामुळे जग त्यांना 'बिकिनीवाल्या मुली' म्हणून ओळखतं. पोस्टकार्डावर त्याच, चुंबकांवरही त्याच.

पण या खोलीत खरं बघायचं ते एका कोपऱ्यात आहे. तिथे मुलींची जमीन तुटली आहे आणि तिच्याखाली दुसरीच जमीन दिसते: साधी, भौमितिक नक्षीची, आधीची. मालकाला कधीतरी जुनी नक्षी नकोशी झाली, आणि ती उखडत न बसता तिच्यावरच नवी जमीन घातली. जुन्या लाद्यांवर नव्या टाइल्स चिकटवून घेणाऱ्या कुठल्याही फ्लॅटवाल्याला हा हिशेब पटेल. दारं खालून घासायला लागली असतील, तेवढंच.

त्या तुटक्या कोपऱ्यात मोझॅकची जाडी दिसते, म्हणून तो महत्त्वाचा. फोटोत मोझॅक म्हणजे चित्र असतं. प्रत्यक्षात ते चित्र म्हणजे एका जाड बांधकामाचा सगळ्यात वरचा सेंटीमीटर. 'जमीन सारवली' म्हणताना आपण घरातल्या तळाला आणि बाहेरच्या मातीला एकच शब्द वापरतो, आणि मोझॅक समजून घ्यायला हा शब्द फार सोयीचा पडतो. जागच्या जागी जपलेलं मोझॅक दोन्ही अर्थांनी जमीनच आहे.

व्हिट्रुव्हिअस या रोमन वास्तुतज्ज्ञाने ही जमीन कशी करायची ते इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात मापांसकट लिहून ठेवलं. आधी खालची माती सपाट करून चोपायची. तिच्यावर मुठीएवढ्या दगडांचा थर. मग खडी आणि चुन्याचा थर: खडी नवी असेल तर तीन भागांना एक भाग चुना, पाडलेल्या बांधकामाचा मलबा असेल तर पाचाला दोन. जुन्या मलब्याला धूळ आणि जुना गिलावा चिकटलेला असतो, तो चुना जास्त मागतो. माणसांच्या टोळ्या लावून हा थर लाकडी दांड्यांनी चोपायचा, आणि चोपून झाल्यावर त्याची जाडी पाऊण रोमन फूट, म्हणजे 22 सेंटीमीटरच्या आसपास राहिली पाहिजे. त्याच्यावर भाजक्या विटा-कौलांचा चुरा तीन भाग आणि चुना एक भाग असा बारीक थर, सहा बोटं म्हणजे सुमारे 11 सेंटीमीटर. एवढं झाल्यावर मग खडे.

यातला विटांच्या चुऱ्याचा थर मराठी माणसाला परका वाटायचं कारण नाही. सुरखी, म्हणजे भाजक्या विटांचा चुरा, आणि चुना घाण्यात मळून आपल्याकडे वाड्यांच्या गच्च्या आणि जमिनी केल्या जात, त्याला आपण कोबा म्हणतो. धुम्मस घेऊन तासन्‌तास चोपणं दोन्हीकडे आहे आणि त्यामागचं रसायनही एकच. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश कडक होतो, पण भाजक्या मातीच्या चुऱ्याबरोबर तो ओलाव्यातही घट्ट होतो. जिथे पाणी असायचं तिथे, हौदात, न्हाणीघरात, रोमन गवंडी हमखास सुरखी वापरत.

प्रत्येक घरात व्हिट्रुव्हिअसच्या मापाची जाडी भरत नाही, हेही सांगायला हवं. उत्खननात बारा-पंधरा सेंटीमीटरमध्ये सगळं उरकलेल्या जमिनी पुष्कळ निघतात. पुस्तकातली जाडी आणि साइटवरची जाडी यांतला फरक तेव्हाही होता.

खडा पाडायची रीत मात्र फारशी बदललेली नाही. लाकडाच्या ओंडक्यात एक छिन्नी धार वर करून रोवलेली असते. दगडाची पट्टी तिच्या धारेवर धरायची आणि वरून दोन्ही टोकांना धार असलेल्या वाकड्या हातोडीचा घाव अगदी त्याच रेषेवर टाकायचा. घाव रेघेवर बसला तर खडा सरळ तुटतो. केसभर सरकला तर कपची उडते. या खड्याला लॅटिनमध्ये टेसेरा म्हणत. सेंटीमीटरभराचा खडा, मध्ये मिलिमीटरचा सांधा, असं धरलं तर एका चौरस मीटरला आठ हजारांवर खडे लागतात. खड्याची बाजू निम्मी केली की संख्या चौपट होते. म्हणून चेहऱ्याला बारीक खडे आणि पार्श्वभूमीला मोठे, असा काटकसरीचा कारभार सगळीकडे दिसतो. रंग बहुतेक दगडाचेच: चुनखडी, संगमरवर, लालसाठी भाजकी माती. झगझगीत निळा-हिरवा हवा असेल तर काच. काच सगळ्यात आधी मरते; जमिनीतल्या ओलीने तिचे पापुद्रे सुटतात, आणि आज एखाद्या कपड्यावर करडा डाग दिसतो तिथे कधीकाळी निळं असण्याची शक्यता बरीच असते.

खडे बसवायचे ते चुन्याच्या मऊ लगद्यात, पण तो लगदा सगळ्या खोलीभर पसरून चालत नाही. घट्ट व्हायच्या आत भरून होईल तेवढाच पसरायचा. त्याच्याखाली किंवा त्याच्यातच रेघा मारून, रंगाने आखून चित्राचा आराखडा केलेला असे. खडे निघालेल्या जागी असे आराखडे सापडले आहेत. मग सांध्यांत चुन्याचा पातळ घोळ भरायचा आणि दगडाने घासून पृष्ठभाग एकसारखा करायचा.

कासालेत अशा जमिनी सुमारे 3,500 चौरस मीटर आहेत. शैलीवरून आणि विषयांवरून हे काम उत्तर आफ्रिकेतल्या, बहुधा कार्थेजकडच्या, कारागिरांचं मानलं जातं. एका लांबलचक व्हरांड्याची, साठ मीटरहून लांब, सबंध जमीन एकच चित्र आहे: मोठी शिकार. शिकार म्हणजे इथे मारणं कमी आणि जिवंत पकडणं जास्त, कारण माल रोमच्या रिंगणात पोचवायचा आहे. शहामृगं आणि हरणं फळीवरून जहाजात चढवताहेत. एका जागी एक वाघीण काचेच्या गोळ्याकडे पाहत थबकली आहे. बछडा पळवणाऱ्या घोडेस्वाराने तो गोळा टाकलाय, आणि त्यातल्या स्वतःच्या प्रतिबिंबाला ती बछडा समजते आहे, अशी त्या काळची समजूत होती. व्हरांड्याच्या दक्षिण टोकाला अर्धगोलात एक सावळी स्त्री बसली आहे. हातात हस्तिदंत, एका बाजूला हत्ती, दुसरीकडे वाघ, आणि ज्वाळांतला फिनिक्स पक्षी. हा भारत, असं अनेक अभ्यासकांचं म्हणणं आहे. काहींना ती अरबस्तान किंवा आफ्रिका वाटते. हत्तीच्या अंगावर सुरकुत्यांसाठी जाळी काढली आहे, मासे पकडायच्या जाळ्यासारखी. चित्रकाराने हत्ती पाहिला असेल की ऐकला असेल, हे ज्याने त्याने ठरवावं.

12 व्या शतकात मागच्या मांगोने डोंगराची माती खाली आली आणि हवेली गाडली गेली. वस्तीचं नुकसान झालं, पण मोझॅकसाठी याहून चांगलं काही घडू शकलं नसतं. मातीखाली तापमान जवळजवळ स्थिर, ओल स्थिर, ऊन नाही, पाय नाहीत, दगड चोरायला कोणी नाही. 1929 मध्ये पाओलो ओर्सी यांनी तिथे खणलं, मग जुझेप्पे कुल्ट्रेरा यांनी, आणि 1950 नंतरच्या दशकात जिनो व्हिनिचो जेंतिली यांनी बहुतेक सगळं मोकळं केलं. सातेकशे वर्षं ज्या जमिनीला काही झालं नव्हतं, तिचं दुखणं त्या दिवसापासून सुरू झालं. जगातल्या सगळ्या उघड्या मोझॅकांची गोष्ट इथून पुढे सारखीच आहे.

त्या काळाचा सर्वमान्य उपाय होता उचलण्याचा. खड्यांच्या तोंडावर सरसाने सुती कापड चिकटवायचं, त्यावर जाड गोणपाट, सुकलं की लांब सपाट छिन्न्या खालून घुसवून खड्यांचा पापुद्रा सोडवायचा आणि पालथा करायचा. पाठीला चिकटलेला जुना चुना खरवडून टाकायचा, लोखंडी सळ्यांची जाळी ठेवून सिमेंट ओतायचं, आणि ही लादी पुन्हा खोलीत नेऊन बसवायची. वरून पाहणाऱ्याला वाटतं, मोझॅक जागेवरच आहे. कासालेही त्याला अपवाद नव्हतं.

यात काय बिघडतं ते दहा-वीस वर्षांनी कळतं. सिमेंटमध्ये विरघळणारे क्षार असतात; ओल लागली की ते वर चढतात आणि चुनखडीच्या खड्यांना लोणा लागतो. सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा मागतो. लादी आतून फुटते आणि वर वाघाच्या पोटातून सरळ रेषेत तडा जातो. रेषा सरळ असली की समजायचं खाली सळई आहे, कारण जुन्या जमिनी अशा सरळ फुटत नाहीत. शिवाय पाच सेंटीमीटरच्या सिमेंटचं वजन चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या घरात जातं, त्यामुळे दुरुस्तीसाठी लादी पुन्हा काढणं म्हणजे वेगळंच संकट. लाद्यांच्या कडांनी चित्राचे तुकडे पडतात ते निराळं. आणि मुठीएवढ्या दगडांपासून सुरखीपर्यंतचं ते सगळं चोपकाम, त्यातल्या आराखड्याच्या रेघा, खालच्या जुन्या जमिनीचा पुरावा, हे सगळं कुदळीखाली गेलेलं असतं. चित्र राहतं, जमीन जाते. मोझॅकसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय समिती 1977 मध्ये रोममध्ये स्थापन झाली ती याच काळजीतून, आणि शक्यतो उचलू नका, हे मत त्यानंतर हळूहळू रुजलं.

कधी उचलावंच लागतं, हे खरं. तुर्कस्तानात युफ्रेटिसवर बिरेजिक धरण झालं आणि 2000 साली झ्युग्मा या प्राचीन शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. तिथली मोझॅकं आज गाझिआन्तेपच्या संग्रहालयात आहेत, आणि त्याबद्दल कोणी नाक मुरडू नये. त्याच देशात अन्ताक्यात 2010 मध्ये हॉटेलचा पाया खणताना हजार चौरस मीटरच्या वरची एकसंध जमीन लागली. तिथे हॉटेलच पोलादी खांबांवर वर उचललं आणि जमीन खाली जागेवर ठेवली. ती जमीन सपाट नाही. जुन्या भूकंपांनी आणि खालच्या मातीच्या खचण्याने तिच्यावर चादरीसारख्या लाटा आल्या आहेत. उचलून सिमेंटवर बसवली असती तर कोणत्याही गवंड्याने ती पाणसळीत केली असती, आणि त्या लाटांबरोबर शहराच्या भूकंपांची नोंदही पुसली गेली असती.

जागेवर ठेवायचं ठरलं की पुढचा प्रश्न छपराचा. इंग्लंडमध्ये ससेक्समधल्या बिग्नरला 1811 मध्ये जॉर्ज टपर या शेतकऱ्याच्या नांगराला रोमन जमीन लागली. लवकरच तिथल्या भिंतींच्या पायांवर खोल्या उभ्या करून वर गवताची छपरं घातली गेली, आणि ती मोझॅकं आजही त्या छपरांखाली आहेत. गवताचं छप्पर अपारदर्शक असतं, ऊन आत येऊ देत नाही, थंडीत आतून थेंब टपकू देत नाही. त्या शेतकऱ्याने हा विचार केला असेल असं नाही. त्याच्याकडे गवत होतं.

कासालेला 1950 च्या अखेरीस फ्रांको मिनिस्सी या वास्तुकाराने पोलादी सांगाडा आणि पारदर्शक प्लॅस्टिकचं आच्छादन दिलं. कल्पना खरोखर सुंदर होती: हवेलीच्या खोल्यांचे आकार हवेत उभे राहावेत, भरपूर उजेड असावा, आणि लोकांनी भिंतींच्या माथ्यावरच्या पुलांवरून चालत खाली पाहावं. ते पूल ही तर फार चांगली सोय होती, कारण एकही पाय खड्यांवर पडत नाही. पण सिसिलीच्या उन्हात प्लॅस्टिकची खोली म्हणजे रोपवाटिका. आत उकाडा, दमट हवा, रात्री थंड झालेल्या छतातून टपकणारे थेंब, आणि दिवसा सांगाड्याच्या सावल्यांची चौकट चित्रावर. प्लॅस्टिक पिवळं पडलं. 1991 च्या ऑक्टोबरमध्ये पुराचा चिखल आत शिरला, तेव्हा छपरापेक्षा आसपासच्या पाण्याचा निचरा मोठा हेही कळून चुकलं. शेवटी मोठं काम काढून ते आच्छादन बदललं आणि 2012 मध्ये नवं छप्पर झालं: लाकडी सांगाडा, वर तांब्याचा पत्रा, आत पांढरे पडदेवजा फलक, हवा खेळायला वाट. मिनिस्सीचं काम पाडायला नको होतं असं म्हणणारे वास्तुकार आजही आहेत, आणि इमारत म्हणून ते बरोबरही असतील. खाली चौथ्या शतकातल्या मुली उकडत होत्या, हा मुद्दा उरतोच.

छप्पर घातलं की पाणी संपलं, असा सगळ्यांचा समज असतो. पाणी वरून येतं त्याहून खालून जास्त येतं. जमिनीतली ओल खड्यांमधल्या बारीक पोकळ्यांतून वर चढते आणि छपराखालच्या कोरड्या, गरम हवेत उडून जाते. बरोबर आणलेलं मीठ मात्र मागे राहतं. ते वर पांढऱ्या बुरशीसारखं फुललं तर नशीब, झाडून निघतं. खड्याच्या आत स्फटिक झाले तर खड्याचा वरचा थर पीठ होऊन सुटतो. सगळ्यात वाईट अवस्था अर्ध्या छपराची: एक कड पावसात भिजणारी, दुसरी सदा कोरडी, आणि मीठ नेमकं त्या दोन्हींच्या सीमेवर साठतं. छपराच्या पागोळ्या कुठे पडतात हे म्हणून पहिल्या पावसात उभं राहून पाहावं लागतं. आणखी एक जुनी खोड म्हणजे पाहुणे आले की बादलीभर पाणी ओतायचं. ओल्या दगडाचा रंग खुलतो, पाहुणे 'वा' म्हणतात, आणि प्रत्येक बादलीबरोबर खालचं मीठ आणखी थोडं वर येतं.

खरी राखण कंटाळवाणी असते आणि ती दरवर्षी करावी लागते. उत्तर आफ्रिकेत आणि भूमध्य समुद्राच्या पूर्वेला अमेरिकेतल्या गेटी संवर्धन संस्थेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी स्थानिक तंत्रज्ञांना नेमकं हेच शिकवलं. ट्युनिशियात, जिथे बुल्ला रेजिया या रोमन शहरातली अर्धी जमिनीखाली बांधलेली घरं आपल्या मोझॅकांसकट उभी आहेत, अशी माणसं तयार झाली. काम फोटोपासून सुरू होतं. जमिनीचा वरून सरळ फोटो, त्याच्या छापील प्रतीवर रंगीत पेन्सिलींनी खुणा: कुठे खडे गेलेत, कुठे सैल आहेत, कुठे जुनं सिमेंट भरलंय, कुठे मुळं आहेत. हे झाल्याशिवाय एक खडाही हलवायचा नाही.

मग बोटाच्या पेराने किंवा छोट्या लाकडी हातोडीने ठोकत जायचं. भरीव जागा खणखणते, पोकळ जागा बद्द वाजते. बद्द म्हणजे खड्यांचा थर खालच्या सुरखीपासून सुटलाय. न्हाणीघरात मात्र फसगत होते, कारण तिथली जमीन मुळातच विटांच्या खांबांवर उचललेली असते, खालून गरम हवा खेळावी म्हणून. तिथे सगळंच थोडं बद्द वाजतं. पोकळी सापडली की सांध्यातून सुईने आधी पाणी सोडून आतली धूळ धुवायची, आणि मग अगदी बारीक चाळलेल्या भरणीचा चुन्याचा पातळ घोळ सोडायचा. धुतलं नाही तर चुना धुळीला चिकटतो, दगडाला नाही, आणि सुकल्यावर पुन्हा तोच आवाज येतो.

खड्डे आणि तुटलेल्या कडा भरायला एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग वाळू आणि विटांचा चुरा. वाळू धुतलेली, समुद्राची अजिबात नको. आधी जागा भिजवायची, नाहीतर कोरडा जुना चुना नव्यातलं पाणी शोषून घेतो आणि भरलेलं कडेने सुटतं. दुपारच्या उन्हात भरलं तर संध्याकाळपर्यंत केसाएवढ्या भेगा. म्हणून सकाळी भरायचं आणि ओल्या कापडाखाली काही दिवस ठेवायचं. पृष्ठभाग खड्यांपेक्षा किंचित खाली, आणि नक्षी न काढता साधाच. कडांना उतार द्यायचा, पाणी बाहेर जाईल असा. कडेचा एक खडा सुटला की शेजारचा उघडा पडतो, स्वेटरचा टाका सुटावा तसं. मेहनत जास्त करून या कडांवरच जाते, मधल्या सुंदर चेहऱ्यांना बहुधा काहीच झालेलं नसतं.

झाड उगवलं असेल तर ओढायचं नाही. कोवळा अंकुर ओल्या मातीत अलगद निघतो. मूळ जाड झालं असेल तर बुंध्याशी कापायचं, कारण ओढलेल्या मुळाबरोबर ओंजळभर खडे येतात.

आणि जिथे वर्षातून एकदाही माणूस जाणार नाही, तिथे पुन्हा पुरायचं. हा शब्द खात्यांना आवडत नाही, पर्यटन खात्याला तर मुळीच नाही. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशरच्या वुडचेस्टरला जुन्या चर्चच्या दफनभूमीखाली ऑर्फियस या ग्रीक पुराणातल्या गायकाचं चित्र असलेली प्रचंड जमीन आहे. ती 1973 मध्ये शेवटची उघडली आणि परत झाकली. पुरायचंही तंत्र आहे. प्लॅस्टिकचा कागद टाकला तर त्याच्याखाली घाम धरतो आणि मुळं नेमकी त्या ओलीच्या मागे पसरतात. त्यापेक्षा श्वास घेणारं विणकामाचं कापड खूण म्हणून, वर चाळलेली बिनखारी वाळू किंवा माती, आणि सगळ्यात वर उंचवटा, पाणी थांबू नये म्हणून. पहिल्या दोन-तीन वर्षांत माती खचते आणि मधे डबकं होतं. तेव्हा जाऊन आणखी टोपलीभर घालून यावं लागतं.

सुटलेल्या खड्यांचं काय करायचं, हा प्रश्न दर वेळी उरतो. जागा नक्की माहीत असेल तर तो खडा त्याच दिवशी चुन्यात परत बसवायचा, जुन्याच तोंडाने वर. झिजलेली, गुळगुळीत बाजू पायाची, खडबडीत बाजू चुन्याची. जागा माहीत नसेल तर पिशवीत, चिठ्ठीवर खोलीचा क्रमांक, चौकटीचा क्रमांक आणि तारीख. अंदाजाने बसवायचा नाही, वाघाच्या डोळ्यात तर नाहीच.